लॅगिंग टिकतं ते किरकोळ सामानावर

इन्सुलेशनचं काम निघालं की बैठकीत चर्चा होते ती रॉकवूलची. घनता 100 घ्यायची की 144, जाडी 50 मिलिमीटर की 75, माल कुठल्या कंपनीचा. ही चर्चा व्हायलाच हवी. पण काही पावसाळे गेल्यावर तेच लॅगिंग उघडायची वेळ येते, तेव्हा बिघाडाची सुरुवात लोकरीत झालेली क्वचितच सापडते. वायर गंजलेली असते, पट्टी सुटलेली असते, सांध्यात सीलंट भरलेलंच नसतं. लोटे परशुराम, महाड, तळोजा, पाताळगंगा इथले रासायनिक कारखाने, सांगली-कोल्हापूरकडचे साखर कारखाने आणि काही डेअऱ्या, अशा ठिकाणी ही कामं करण्यात आणि करवून घेण्यात माझी हयात गेली. पाइपांवरचं आणि व्हेसलवरचं इन्सुलेशन किती वर्षं काम देणार, हे पिना, वायर, पट्ट्या, स्क्रू, मास्टिक अशा सामानावर ठरतं, हे माझं मत त्यातून पक्कं झालं. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या सुपरवायझर मुलांसाठी आणि कारखान्यांतल्या मेंटेनन्सच्या मंडळींसाठी ते लिहितो आहे.

1. ‘इतर साहित्य’ या एका ओळीवर ऑर्डर देऊ नका.

आपल्याकडे दर बहुधा चौरस मीटरवर ठरतो आणि किरकोळ सामान त्यातच धरलेलं असतं. दरात घासाघीस झाली की कंत्राटदार हात आखडता घेतो तो नेमका इथं. लोकरीची जाडी टेपनं मोजता येते, पत्र्याचा गेज मायक्रोमीटरनं तपासता येतो. आतली वायर आणि जाळी मात्र पत्रा बसला की कुणालाच दिसत नाही. मग जस्ताच्या मुलाम्याच्या वायरीऐवजी बांधकामावरची काळी वायर येते आणि फूटभर अंतरावर हवी ती पट्टी दोन फुटांवर जाते. या कामासाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस 14164 ही संहिता आहे. निविदेत तिचा नुसता क्रमांक टाकून भागत नाही. वायर कोणत्या धातूची आणि किती गेजची, जाळीचं भोक किती, पट्टी किती रुंद आणि किती अंतरावर, स्क्रू कशाचा आणि किती लांब, सीलंट कोणतं, हे एकेक लिहा. कामाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा नमुना सही करून ऑफिसात ठेवून घ्या. त्या नमुन्यांची पिशवी पुढं सगळ्या वादांत उपयोगी पडते.

2. पाणी आत शिरता कामा नये, बाकी सगळं त्यानंतर.

कोरड्या खनिज लोकरीची उष्णतावाहकता 0.04 वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असते, पाण्याची 0.6. म्हणजे भिजलेल्या लोकरीत हवेची जागा कोरड्या लोकरीच्या पंधरापट वाहकतेच्या पदार्थानं घेतलेली असते. हे झालं इंधनाचं नुकसान. त्याहून मोठं नुकसान पाइपाचं. साध्या कार्बन स्टीलच्या लाइनवर इन्सुलेशनखालचा गंज उणे 4 ते 175 अंश सेल्सियस या टप्प्यात वाढतो. पाणी तिथं टिकूनही राहतं आणि गरमही असतं. स्टेनलेसवर 50 अंशांच्या पुढं क्लोराइडमुळं तडे जातात, आणि कोकणच्या हवेत मीठ असतंच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या लोटे किंवा महाडसारख्या ठिकाणी सैल राहिलेला एक सांधा दर पावसाळ्यात किती पाणी आत घेत असेल, याचा विचार करा.

पत्र्याचे चढाव कौलांसारखे वरचा खालच्यावर हवेत. आडव्या पाइपावर लांबीचा जोड माथ्यावर कधीच येऊ देऊ नका. तो बाजूला, मध्यरेषेच्या थोडा खाली आणि तोंड खाली करून हवा. जिथं नोझल, थर्मोवेल, नेमप्लेट किंवा लिफ्टिंग लग पत्र्यातून बाहेर येतं, तिथं कॉलर आणि सीलंट दोन्ही लागतात. नुसतं भोक पाडून पत्रा ढकलून दिलेला असेल तर ते काम ताब्यात घेऊ नका. ॲल्युमिनियम पत्र्याच्या आतल्या बाजूला ओल अडवणारा कागद किंवा फिल्म चिकटवलेली आहे ना, हे पत्रा चढण्यापूर्वीच बघा. ती नसेल तर ओली लोकर आणि लोखंडी जाळी पत्र्याला टेकून पत्रा आतून पोखरला जातो. बाहेरून तो चकाचक दिसत राहतो.

पाहणी करायची तर पावसाची सर येऊन गेल्यावर करा. चालू स्टीम लाइनवरचा पत्रा कुठं आधी सुकतो आणि कुठं वाफा निघतात, ते चालता चालता टिपून घ्या. तिथं आत लोकर दबली आहे, सरकली आहे किंवा एखादा लोखंडी तुकडा थेट पत्र्याला टेकला आहे. थर्मल कॅमेरा भाड्यानं आणण्यापूर्वी ही फेरी मारावी. फुकट आहे आणि पुष्कळ सांगून जाते.

3. वायर आणि जाळी: लाइन तापल्यावर लोकर यांच्याच भरवशावर असते.

मॅट्रेस हातात घेतली की ती एकसंध वाटते, कारण तिच्यात रेझिन असतं. लाइन अडीचशे अंशांच्या पुढं गेली की पाइपाला टेकलेल्या थरातलं रेझिन जळतं. पहिल्यांदा स्टीम सोडली की जो धूर आणि वास येतो तो हाच. नवा ऑपरेटर घाबरतो, म्हणून त्याला आधी सांगून ठेवावं. रेझिन गेल्यावर आतल्या धाग्यांना एकत्र धरून ठेवतात ती शिवलेली जाळी आणि वरची वायर. वायर सैल असेल तर आडव्या लाइनवर लोकर खाली लोंबते आणि पाइपाची पाठ उघडी पडते.

पीळ पक्कडीनं द्यावा, पण लोकर आवळून तिची जाडी कमी होईल इतका नाही. 75 मिलिमीटरची लोकर वायरीखाली 50 झाली तर पैसे 75 चे दिले आणि काम 50 चं घेतलं. पिळाचं टोक वाकवून लोकरीत दाबायचं. ते उभं राहिलं तर ओल अडवणारी फिल्म फाडतं आणि पत्रा बसवणाऱ्याचा हातही.

स्टेनलेसच्या लाइनवर जाळी, वायर, पट्टी सगळं स्टेनलेसच हवं. जस्त साधारण 420 अंशांना वितळतं. गरम स्टेनलेसला वितळलेलं जस्त लागलं, मग ते आगीच्या प्रसंगी का असेना, तर स्टेनलेस ठिसूळ होऊन तडकतं. वायरीचा खर्च वाचवून महागडी लाइन धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

4. व्हेसलवर पिना लावण्यापूर्वी विचारा: वेल्डिंगची परवानगी आहे का?

टाक्या, डक्ट आणि मोठ्या व्यासाच्या व्हेसलवर लोकर धरून ठेवायला पिना लागतात. बाजूच्या अंगाला साधारण फूटभर अंतरावर, पोटाखाली त्याहून जवळ जवळ, कारण तिथं लोकरीचं सगळं वजन पिनांवरच लटकतं. वरून वॉशर दाबायचा, उरलेलं टोक वाकवायचं. एवढं कुणालाही जमतं.

न जमणारी गोष्ट वेगळी आहे. प्रेशर व्हेसलची हायड्रोटेस्ट झाली, काहींची उष्णताप्रक्रिया झाली, की त्यावर मनात येईल तिथं ठिणगी टाकता येत नाही. पिना व्हेसल बनवणाऱ्याच्या कारखान्यातच लागलेल्या हव्यात. आणि आपल्या रासायनिक पट्ट्यात जागोजागी असलेल्या ग्लासलाइन रिॲक्टरवर तर वेल्डिंगचं नावच काढू नये. बाहेरून लावलेल्या उष्णतेनं आतली काच तडकते, आणि पुढं ॲसिड भरलं की ते तडा शोधून लोखंड खातं. लोट्यातल्या एका कारखान्यात आमच्याआधी आलेल्या टोळीनं वेल्डिंगचं मशीन आणून ठेवलेलं मी पाहिलं आहे. ऐन वेळी तिथल्या एका जुन्या फिटरनं ते बंद करायला लावलं, म्हणून तो रिॲक्टर वाचला. अशा रिॲक्टरला दोन अर्धगोल कड्या बोल्टनं आवळून भोवती बसवायच्या, त्यांना आडव्या-उभ्या पट्ट्या बांधायच्या आणि लोकर त्या पट्ट्यांवर धरायची. वेळ जास्त जातो, जाऊ द्यावा.

डक्टवर चिकटवायच्या पिना मिळतात. थंड हवेच्या डक्टला त्या चालतात, पृष्ठभाग पुसून कोरडा केला तर. गरम अंगावर गोंद सुटतो, तिथं वापरू नका.

5. उभ्या लाइनला आणि कॉलमला आधाराच्या कड्या हव्यातच.

उभ्या पाइपावर कितीही वायर आवळली तरी लोकर आणि पत्रा हळूहळू खाली बसतात. वरच्या टोकाला फट पडते आणि पाऊस थेट त्या फटीत उतरतो. म्हणून साधारण दर तीन मीटरवर लोकरीचं वजन घेणारी कडी. कडी लोखंडी, पाइपाला टेकलेली, म्हणजे पाइपाइतकीच गरम. पत्रा थेट तिच्यावर स्क्रूनं मारला तर बाहेर गरम पट्टा उमटतो आणि हात लागला की भाजतो. मध्ये सिरॅमिक फायबरची किंवा काचेच्या विणीची पट्टी घाला. माणसाचा हात पोचेल तिथं पत्र्याचं तापमान 60 अंशांच्या वर नको, हा दंडक बहुतेक कारखाने पाळतात, पण तपासताना मापक सपाट भागावर लावतात. मापक कडीवर लावा.

याच ठिकाणी प्रसरणाचाही हिशोब येतो. लोखंडी पाइप दर मीटरला, दर 100 अंशांना सुमारे 1.2 मिलिमीटर लांबतो. 10 बारच्या स्टीमची लाइन 184 अंशांची, हवा 30 अंशांची धरली तर 20 मीटरला जवळपास 37 मिलिमीटर. बाहेरचा पत्रा फारसा तापत नाही, त्यामुळं तो तेवढा लांबत नाही. दोन्ही टोकांना रिव्हेट मारून पत्रा जखडला तर सांधा फाटणार किंवा स्क्रूची भोकं लांबट होणार. ठरावीक अंतरावर एक जोड मोकळा ठेवा. चढाव भरपूर, स्क्रू एकाच बाजूला, वरून नुसती पट्टी. आतही लोकरीत एक फट ठेवून ती सैल लोकरीनं किंवा सिरॅमिक फायबरनं भरा.

6. थंड लाइनवर लांब स्क्रू म्हणजे गळतीला आमंत्रण.

या एका मुद्द्यावर मी सगळ्यांत जास्त भांडलो आहे.

एका डेअरीत पॅकिंग हॉलच्या वरून थंड पाण्याची लाइन जात होती, पाणी दोनेक अंशांचं. श्रावणात खाली थेंब पडायला लागले. पाइप गळतोय असं समजून तिथल्या लोकांनी जोडांवर टेप गुंडाळली. थेंब वाढले. आम्हाला बोलावलं तेव्हा माझ्याबरोबरच्या हेल्परनं पत्रा हलवून पाहिला आणि म्हणाला, “काका, स्क्रू तर सगळे घट्ट बसलेत, मग पाणी येतंय कुठनं?” पत्रा उतरवला तेव्हा ते घट्ट स्क्रूच दोषी निघाले. अंगानं लांब असलेला प्रत्येक स्क्रू पत्र्यातून जाऊन खालच्या बाष्परोधक थराला भोक पाडून पफमध्ये, म्हणजे पॉलीयुरेथेन फोममध्ये, शिरला होता. प्रत्येक भोकाभोवती तांबूस वर्तुळ. पफ हातात दाबला की पाणी निघत होतं. मूळचा पफ चांगल्या प्रतीचा होता, जाडी बरोबर होती, मास्टिकही दोन हातांचं मारलेलं होतं. शेवटच्या दिवशी पत्रा बसवणाऱ्याच्या खिशातल्या स्क्रूंनी ते सगळं वाया घालवलं होतं.

गरम लाइनवर शिरलेली ओल निदान काही प्रमाणात वाफ होऊन बाहेर पडू शकते. थंड लाइनवर ती सोय नाही. हवेतलं बाष्प थंड पाइपाकडं सतत ओढलं जातं, तिथं त्याचं पाणी होतं आणि ते पाणी परत जात नाही. पावसाळ्यात 32 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 29 अंशांवर असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक जागी पाणी जमणार. लोखंडाचा स्क्रू किंवा पीन थंडी बाहेर आणते, कारण लोखंड पफच्या हजारपटीहून जास्त वाहक आहे.

म्हणून थंड कामावर पत्रा शक्यतो पट्ट्यांनीच धरायचा. स्क्रू लागलाच तर आखूड, आणि खाली संरक्षक थर देऊन. क्लॅम्प पाइपाला थेट लावायचा नाही. जास्त घनतेच्या पफचा किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाचा ठोकळा पाइपाभोवती, त्यावर पत्र्याचं खोगीर, त्यावर क्लॅम्प, आणि बाष्परोधक थर ठोकळ्यावरूनही सलग. शिवाय ठरावीक अंतरावर, व्हॉल्व्ह आणि फ्लॅंजजवळ तर नक्कीच, इन्सुलेशनचं तोंड मास्टिकनं पाइपापर्यंत बंद करायचं. एका जागी भोक पडलंच तर पाणी तेवढ्या तुकड्यात अडतं, पूर्ण लाइन भिजत नाही. त्या डेअरीत हे बंद केलेलं नव्हतं, त्यामुळं जवळजवळ सगळी लाइन सोलून काढावी लागली.

7. मास्टिक आणि गोंद यांना वेळ द्या.

मास्टिकचा पहिला हात ओला असतानाच काचेचं कापड त्यात बसवायचं, सुरकुती न ठेवता, चढाव देऊन. तो सुकल्यावर दुसरा हात, कापडाची वीण दिसेनाशी होईपर्यंत. शटडाउनच्या घाईत लोक दोन्ही हात एकाच दुपारी उरकतात. आत ओलं राहतं, वर फोड येतात.

नायट्राइल रबरच्या कामात गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबून जोडायचं. शीट ताणून जोडली तर महिन्याभरात सांधा उघडतो. उघड्यावर उन्हात हे रबर तडकतं, त्याला रंग किंवा पत्रा हवाच. या गोंदातलं द्रावण पेट घेणारं आहे. हवा खेळती नसेल तिथं काम करू नका आणि जवळपास वेल्डिंगचं परमिट चालू नाही ना, ते आधी विचारा.

8. सीलंट सांध्याच्या आत भरा.

पत्रा बसल्यावर बाहेरून बोटानं फिरवलेली सीलंटची रेघ फोटोपुरती असते. चढाव बंद करण्यापूर्वी आतल्या पदरावर सीलंट ओढायचं, मग पत्रा दाबून पट्टी आवळायची. उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन धातूवर वापरू नका, त्यातलं ॲसिड गंज धरवतं. धातूसाठीचं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागून घ्या. ट्यूबवर लिहिलेलं असतं.

9. फ्लॅंजची आणि व्हॉल्व्हची पेटी परत बसेल अशी बनवा.

उघडा व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाइपाइतकी उष्णता घालवतो. तरी साखर कारखान्यात सीझन सुरू झाला की निम्मे व्हॉल्व्ह उघडे दिसतात. कारण सरळ आहे. फिटर गळती काढायला पेटी उघडतो, ती स्क्रूनं मारलेली असते, तो पत्रा फाडून टाकतो आणि पुढं ती भंगारात जाते. पेटी दोन भागांत, लिव्हरनं दाबून बंद होणाऱ्या क्लिपांची हवी. नाहीतर सिलिकॉन लेपाच्या काचकापडाचं, हुक आणि पट्ट्यांचं जॅकेट. व्हॉल्व्हचा नंबर पेटीवरही पक्का कोरून घ्या, म्हणजे ती कुठली हे शोधायला लागत नाही. शेजारच्या पाइपाचं लॅगिंग बोल्टची लांबी अधिक इंचभर जागा सोडून थांबवा. ती जागा नसेल तर बोल्ट काढायला फिटर पाइपाचंही लॅगिंग फोडणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला काम करायला जागाच दिलेली नसते.

पाइपाची जाडी मोजण्यासाठी लॅगिंगमध्ये ठेवलेल्या खिडक्यांची रबरी बुचं साखळीनं बांधा. हरवलेल्या बुचाचं भोक म्हणजे पावसाला मोकळी वाट.

10. थर्मिक फ्लुइडच्या फ्लॅंजवर रॉकवूल नको.

गळलेलं तेल लोकरीत पसरतं, गरम होत राहतं आणि बाहेरून ठिणगी नसतानाही पेटतं. अशा फ्लॅंज दिसतील अशा उघड्या ठेवून त्यांना फक्त संरक्षक पत्रा द्या, किंवा तेल न पिणारी सेल्युलर ग्लास वापरा. तेलाचा डाग दिसलेली लोकर पुन्हा बसवायची नाही, ती फेकायची.

11. जुन्या लाइनवरचं पांढरं लॅगिंग झटकून काढू नका.

जुन्या बॉयलर हाउसमध्ये ॲस्बेस्टॉस अजून सापडतो. तपासणी होईपर्यंत तो ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. टोळीतल्या मुलांना धूळ उडवत ते ओढायला लावणं हा गुन्हा मानतो मी.

12. मेंटेनन्सच्या मंडळींना एक विनंती.

मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यात, एक दिवस काढा आणि पाइप रॅकवर चढून फक्त किरकोळ सामान बघत फिरा. सुटलेल्या पट्ट्या, गंजलेले स्क्रू, उघडे चढाव, हरवलेली बुचं आणि पेट्या, फुगलेलं मास्टिक यांची यादी करा आणि तेवढीच दुरुस्ती पावसाआधी करून घ्या. सोबत तुमच्या लॅगिंगच्या टोळीतल्या जुन्या माणसाला न्या. कुठला सांधा यंदा पाणी घेणार, हे तो खालून बघून सांगतो.